किण्वकाचे गणित तलावाला लावताना

धागाकर्ता : किण्वक

मी २६ वर्षे एका औषध कारखान्याच्या किण्वन विभागात, म्हणजे टाकीत सूक्ष्मजीव वाढवण्याचे, काम केले, आणि निवृत्त झाल्यापासून गेली ३ वर्षे आमच्या गावच्या तलावाचे पाणी दर महिन्याला मोजत आहे. या दोन कामांचा एकमेकांशी संबंध असेल असे मला सुरुवातीला वाटले नव्हते. वहीतले आकडे मांडायला बसलो तेव्हा लक्षात आले की, टाकीसाठी जे समीकरण मी रोज वापरत होतो तेच थोड्या फरकाने तलावालाही लागू पडते. मात्र टाकी चालवताना जो निर्णय फायद्याचा ठरतो, तोच तलावाच्या बाबतीत घातक ठरू शकतो. तलावांच्या स्वच्छतेसाठी सध्या गावोगावी जे उपाय केले जात आहेत, त्यांत हा फरक विचारात घेतलेला मला दिसत नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

सुरुवात टाकीपासून करतो. फ्रेंच जीवशास्त्रज्ञ जाक मोनो यांनी १९४२ च्या आपल्या प्रबंधात जिवाणूंच्या वाढीचा दर आणि अन्नाचे प्रमाण यांचा संबंध मांडला. अन्न अगदी कमी असताना वाढीचा दर अन्नाच्या प्रमाणात वाढतो आणि अन्न मुबलक झाले की तो एका कमाल मर्यादेपाशी स्थिरावतो. अन्नाच्या ज्या प्रमाणाला हा दर कमाल दराच्या निम्मा असतो, त्याला अर्धसंपृक्ततेचा स्थिरांक म्हणतात. पुढे १९५० मध्ये मोनो यांनी, आणि त्यांच्यापासून स्वतंत्रपणे अमेरिकेत आरन नोविक व लिओ सिलार्ड यांनी, सतत वाहत्या संवर्धनाची पद्धत मांडली. केमोस्टॅट हे नाव नोविक आणि सिलार्ड यांनी दिलेले. एका बाजूने ताजे द्रावण आत येते, दुसऱ्या बाजूने तेवढेच मिश्रण बाहेर जाते. तासाभरात टाकीतल्या द्रवाचा जेवढा हिस्सा बदलला जातो, तो विरलीकरणाचा दर. टाकी स्थिर झाली की सूक्ष्मजीवांच्या वाढीचा दर आणि विरलीकरणाचा दर एकसमान होतात.

आता आकडे घेऊ. कमाल वाढीचा दर तासाला ०.५, अर्धसंपृक्ततेचा स्थिरांक लिटरला ०.१ ग्रॅम, आत येणाऱ्या द्रावणात साखर लिटरला १० ग्रॅम आणि प्रत्येक ग्रॅम साखरेमागे अर्धा ग्रॅम जीवभार (सूक्ष्मजीवांचे वजन) असे धरले, तर विरलीकरणाचा दर तासाला ०.४९५ च्या वर गेल्यावर सूक्ष्मजीवांची वाढ बाहेर जाणाऱ्या प्रवाहाला पुरी पडत नाही आणि ते सगळे धुऊन निघून जातात. कारखान्यात याला वॉशआउट म्हणतात. तासाला जास्तीत जास्त जीवभार हवा असेल तर हा दर किती ठेवावा, याचे उत्तर ०.४५ असे येते. म्हणजे सर्वाधिक उत्पादनाचा बिंदू कड्याच्या टोकापासून, अर्थात वॉशआउटच्या मर्यादेपासून, केवळ ९ टक्के अलीकडे आहे. तिथे लिटरमागे ताशी २.०५ ग्रॅम जीवभार मिळतो. दर ०.४० वर आणला तर १.९२ ग्रॅम मिळतो, म्हणजे ६ टक्क्यांच्या आसपास तोटा होतो.

हा ६ टक्क्यांचा तोटा सोसावा की नाही, यावर आमच्या विभागात नेहमी वाद होत असे. एका पावसाळी रात्रपाळीत पथदर्शी टाकीच्या जॅकेटचा (तापमान राखणाऱ्या बाहेरच्या आवरणाचा) व्हॉल्व्ह अर्धवट अडकला आणि तापमान काही अंशांनी घसरले. अशा वेळी कमाल वाढीचा दर ०.५ वरून ०.४५ वर आला, तर नवी मर्यादा ०.४४६ होते, आणि ०.४५ वर चालणारी टाकी मर्यादेच्या बाहेर पडते, ०.४० वर चालणारी टाकी मात्र तग धरते व तिच्यात लिटरला ४.६ ग्रॅम जीवभार टिकून राहतो. आमची टाकी कड्यालगत चालली होती. संध्याकाळी नमुन्याच्या परीक्षानळीमागे नोंदवही धरली तर ओळी दिसत नव्हत्या. पहाटे चारला त्याच नळीतून मला माझेच अक्षर वाचता येऊ लागले, तेव्हा काय घडत आहे ते समजले. तो घाणा आम्ही टाकून दिला, टाकी वाफेने निर्जंतुक केली, शीतपेटीत राखून ठेवलेले सूक्ष्मजीवांचे बियाणे काढले आणि चौथ्या दिवशी पुन्हा सुरुवात केली.

तलावाला असे दुसरे बियाणे नसते.

तलावाचे सर्वांत साधे प्रतिमान (गणिती नमुना) रिचर्ड फॉलनवायडर यांचे आहे. त्यांनी १९६८ मध्ये आर्थिक सहकार्य व विकास संघटनेसाठी अहवाल लिहिला आणि तलाव हिरवा होण्याचा संबंध दरवर्षी आत येणाऱ्या फॉस्फरसशी जोडला. त्यांच्या पुढच्या कामातून रूढ झालेले सूत्र असे : तलावातील फॉस्फरसचे प्रमाण = येणाऱ्या पाण्यातील प्रमाण ÷ (१ + √निवासकाल). निवासकाल म्हणजे तलावाचे पाणी पूर्ण बदलायला लागणारी वर्षे, अर्थात विरलीकरणाच्या दराचा व्यस्त. हिशेबाला सोपे जावे म्हणून ५० हेक्टर क्षेत्राचा आणि सरासरी ३ मीटर खोलीचा तलाव घेऊ. त्यात १५ लाख घनमीटर पाणी मावते. वर्षाला ३० लाख घनमीटर पाणी आत येत असेल तर निवासकाल अर्धे वर्ष होतो. वर्षाला ६०० किलो फॉस्फरस येत असेल तर येणाऱ्या पाण्यात तो लिटरला २०० मायक्रोग्रॅम असतो आणि सूत्रानुसार तलावात ११७ मायक्रोग्रॅम. त्याच संघटनेच्या वर्गीकरणात ३५ च्या वर तलाव सुपोषित (अन्नद्रव्ये वाजवीपेक्षा जास्त झालेला) आणि १०० च्या वर अतिसुपोषित मानला जातो. हे प्रमाण ३५ वर आणायचे असेल तर वर्षाला १८० किलोच फॉस्फरस येऊ द्यावा लागेल. माणशी दिवसाला साधारण १ ते २ ग्रॅम फॉस्फरस सांडपाण्यात जातो. मधला आकडा धरला तर ६०० किलो म्हणजे अवघ्या ११०० माणसांचे प्रक्रिया न केलेले सांडपाणी. एका मध्यम गृहसंकुलाएवढी ही वस्ती आहे.

हे सूत्र तलावासाठी कितपत पुरेसे आहे आणि उपाय निवडताना गणिताचा उपयोग कसा करावा, यावर जाणकारांनी लिहावे अशी विनंती आहे.

प्रतिसाद : पाणथळ

किण्वक, लेख फार आवडला. मी महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवते आणि तलावांवर काम करते. फॉस्फरसवर भर देण्याचे कारण वाचकांना कळावे म्हणून एक प्रयोग सांगते. कॅनडातील ऑन्टारियो प्रांताच्या वायव्य भागात प्रयोगासाठी राखून ठेवलेले तलाव आहेत. तिथे डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये २२६ क्रमांकाचा तलाव मधोमध पडदा लावून विभागला. एका भागात कार्बन आणि नायट्रोजन घातले, दुसऱ्या भागात त्यांच्या जोडीला फॉस्फरसही घातला. फॉस्फरस घातलेला भाग नील-हरित शेवाळाने भरून गेला, दुसरा स्वच्छ राहिला. विमानातून घेतलेले त्या तलावाचे छायाचित्र मी दरवर्षी पहिल्या तासाला दाखवते. त्यानंतर वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

आता आपल्या सूत्राविषयी माझा आक्षेप. फॉलनवायडर यांनी ज्या तलावांचे आकडे वापरले ते मुख्यतः समशीतोष्ण प्रदेशातले होते आणि तिथे पाणी वर्षभर येत-जात राहते. आपल्याकडे ३० लाख घनमीटरपैकी जवळजवळ सगळे पाणी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येते. त्या काळात आपल्या उदाहरणातल्या तलावाचा निवासकाल अर्धे वर्ष नसून दोनच महिने असतो. ऑक्टोबरनंतर सांडव्यावरून थेंबही जात नाही, म्हणजे विरलीकरणाचा दर शून्य होतो. नाला मात्र आठही महिने वाहत असतो. ११०० माणसांचा आठ महिन्यांचा फॉस्फरस ४०० किलो होतो. तो १५ लाख घनमीटरमध्ये मिसळला आणि गाळात काहीच बसला नाही असे धरले, तर लिटरला २६७ मायक्रोग्रॅमची भर पडते. शिवाय मेपर्यंत दीड मीटरच्या आसपास पाणी बाष्पीभवनाने जाते, त्यामुळे उरलेल्या पाण्यात तीव्रता आणखी वाढते. वर्षाची सरासरी ११७ आली म्हणून मे महिन्यातल्या तलावाचे चित्र त्यातून कळणार नाही, आणि मासे मरतात ते मे महिन्यातच.

प्रतिसाद : किण्वक

पाणथळ, आपण माझी मोठी चूक दाखवून दिली. आमच्या भाषेत सांगायचे तर आपला तलाव पावसाळ्यात केमोस्टॅट असतो आणि दिवाळीपासून मृगापर्यंत फेड-बॅच : आत थोडे थोडे अन्न घालत राहायचे आणि बाहेर काहीच काढायचे नाही. ही चालवण्याची पूर्णपणे वेगळी तऱ्हा आहे आणि तिचे इष्टतमीकरणही (सर्वांत फायद्याचा पर्याय शोधणे) वेगळे असते. फेड-बॅचमध्ये प्रश्न केव्हा आणि किती घालायचे हा असतो. यीस्टला साखर भराभर घातली तर हवा भरपूर असूनही तो अल्कोहोल बनवू लागतो आणि जीवभार घटतो, म्हणून साखरेचा ओघ वाढत्या जीवभाराला जुळवून हळूहळू वाढवावा लागतो. रशियन गणिती पोन्त्र्यागिन यांच्या महत्तम तत्त्वाने हा ओघ काढता येतो. तलावात ओघ ठरवणारा नाला आहे आणि तो कुणाचे ऐकत नाही. पण हाती असलेला एक दिवस किंवा एक रुपया वर्षाच्या कोणत्या महिन्यात खर्च केला तर सर्वाधिक उपयोग होईल, हा प्रश्न गणिताने सुटण्यासारखा आहे. आपल्या हिशेबावरून दिसते की, नाल्याचे पाणी नोव्हेंबर ते मे या काळात वळवणे हे पावसाळ्यात वळवण्यापेक्षा कितीतरी मोलाचे आहे. अर्थात वळवलेले पाणी प्रक्रिया न करता खालच्या ओढ्यात सोडले, तर आपण आपली अडचण खालच्या गावाच्या दारात नेऊन ठेवली असे होईल.

प्रतिसाद : अवकलन

गणिताच्या बाजूने भर घालतो. वर दिलेल्या दोन्ही हिशेबांत तलावाच्या तळाचा विचार आलेला नाही आणि खरी गुंतागुंत तिथेच आहे. स्टीव्हन कार्पेंटर, डोनाल्ड लुडविग आणि विल्यम ब्रॉक यांनी १९९९ मध्ये जे प्रतिमान अभ्यासले ते शब्दांत असे : फॉस्फरस बदलण्याचा वेग = बाहेरून येणारा, उणे वाहून किंवा तळाशी बसून जाणारा, अधिक गाळातून परत सुटणारा. तिसरे पद महत्त्वाचे आहे. फॉस्फरस कमी असताना ते जवळजवळ शून्य असते, एका टप्प्यावर ते झपाट्याने वाढते आणि मग स्थिरावते. आलेख काढला तर इंग्रजी एस अक्षरासारखा दिसतो.

या प्रतिमानाचे सर्वांत साधे रूप घेतले, म्हणजे तलावातल्या फॉस्फरसला क्ष म्हणून परत सुटणारा फॉस्फरस क्ष² ÷ (१ + क्ष²) आणि निघून जाणारा ब × क्ष असा धरला, तर सगळे काही ब या एकाच संख्येवर ठरते. ब ०.६५ हून मोठा असेल तर तलाव जसा बिघडतो तसाच सुधारतो. तो ०.५ आणि ०.६५ यांच्या दरम्यान असेल तर बिघडण्याचा आणि सुधारण्याचा रस्ता वेगवेगळा असतो. ०.५ हून लहान असेल तर बाहेरून येणारा फॉस्फरस शून्यावर आणला तरी तलाव आपोआप पूर्ववत होत नाही. मी ब = ०.५२ घेऊन हिशेब केला. बाहेरून येणारा भार ०.०७४ च्या वर गेला की तलाव हिरव्या अवस्थेत कोसळतो. पुन्हा स्वच्छ व्हायला मात्र भार ०.०२० च्या खाली आणावा लागतो, म्हणजे ज्या भाराला तो बिघडला त्याच्या जेमतेम पाव हिश्शावर. ब = ०.६० असता हेच आकडे ०.१०२ आणि ०.०९० येतात, म्हणजे परतीचा रस्ता बराच जवळचा होतो. ब मध्ये एवढासा फरक आणि परिणामात एवढा मोठा. 'आम्ही सांडपाणी निम्मे कमी केले, तरी तलाव तसाच आहे, म्हणजे उपाय चुकला' असे जेव्हा म्हटले जाते, तेव्हा उपाय चुकलेला नसून अर्धवट सोडलेला असण्याची शक्यता मोठी असते.

किण्वक यांच्या कड्याच्या उदाहरणाशी याचे नाते सरळ आहे. तलावाकाठच्या शेतीला खते वापरू दिली, वस्तीला सांडपाणी सोडू दिले, तर त्यातून काही आर्थिक लाभ होतो. तलाव स्वच्छ राहिला तर दुसरा लाभ होतो. दोन्हींची बेरीज कमाल करायला गेलो आणि सगळे आकडे अचूक माहीत आहेत असे धरले, तर उत्तर बहुधा कड्यालगत येते. आकड्यांत अनिश्चितता घातली, पाऊस वर्षागणिक बदलतो हे घातले, की उत्तर कड्यापासून मागे सरकते. वर उल्लेखलेल्या तिघांचा निष्कर्षही हाच होता. टाकीत ९ टक्क्यांऐवजी १९ टक्के अंतर ठेवण्याची किंमत ६ टक्के होती. तलावात कोसळण्याची किंमत एका घाण्याएवढी नसून कित्येक वर्षांची असते, म्हणून अंतरही त्या मानाने जास्त ठेवायला हवे.

प्रतिसाद : पाणथळ

अवकलन यांच्या तिसऱ्या पदामागचे रसायन थोडक्यात सांगते. गाळात फॉस्फेट लोहाला चिकटून बसलेले असते. तळाशी ऑक्सिजन असेपर्यंत ते तिथेच राहते. शेवाळ मरून तळाशी कुजू लागले की ऑक्सिजन संपतो, लोहाचे क्षपण होऊन ते विरघळते आणि फॉस्फेट मोकळे होते. इंग्लंडच्या सरोवरांवर काम करणाऱ्या क्लिफर्ड मॉर्टिमर यांनी हे १९४१-४२ मध्येच दाखवून दिले होते. मोकळ्या झालेल्या फॉस्फेटवर नवे शेवाळ वाढते, ते पुन्हा तळाशी जाते, आणि चक्र सुरू राहते.

प्रतिसाद : जलवाहिनी

मी एका नगरपालिकेच्या पाणीपुरवठा विभागात अभियंता आहे. चर्चा उत्तम चालली आहे, परंतु आमच्या टेबलावर जे प्रस्ताव येतात ते वेगळे असतात. पहिला प्रस्ताव जिवाणूंची पावडर टाकण्याचा, दुसरा कारंजी बसवण्याचा आणि तिसरा जलपर्णी काढण्याचा. प्रत्येकाबरोबर यशोगाथा आणि आधी-नंतरची छायाचित्रे असतात. मंजुरीची मुदत मार्चअखेर असते. सभागृहात नगरसेवकांना समीकरण दाखवता येत नाही. या तिन्ही उपायांविषयी साध्या बेरीज-वजाबाकीत काही सांगता येईल का? मी हे खरोखर उपयोगासाठी विचारत आहे.

प्रतिसाद : किण्वक

जलवाहिनी, आपला प्रश्न या धाग्यातला सर्वांत महत्त्वाचा आहे. पहिल्या उपायाचे उत्तर मी देतो, कारण जिवाणू वाढवणे हाच माझा व्यवसाय होता.

तलावाच्या एक मिलिलिटर पाण्यात निसर्गतःच १० लाखांच्या घरात जिवाणू असतात. १५ लाख घनमीटरचा हिशेब केला तर १५ वर १७ शून्ये एवढी संख्या येते. पावडरच्या प्रत्येक ग्रॅममध्ये १०० कोटी जिवंत जिवाणू आहेत असे मानले आणि तब्बल १००० किलो पावडर टाकली, तरी भर पडते ती १ वर १५ शून्ये एवढी, म्हणजे आधीपासून असलेल्यांच्या दीड हजाराव्या हिश्शाएवढी. हे पाहुणे वाढून संख्येने मोठे होतील असे म्हणावे, तर केमोस्टॅटचे दुसरे एक प्रमेय आडवे येते : एकाच अन्नावर जगणाऱ्या दोन जातींपैकी जी कमीत कमी अन्नावर तगू शकते तीच शेवटी उरते. स्टीव्हन हॅन्सन आणि स्टीफन हबेल यांनी १९८० मध्ये हे प्रत्यक्ष जिवाणूंवर प्रयोग करून दाखवले. तलावातले जिवाणू त्या तलावाच्या अन्नावर पिढ्यान्‌पिढ्या निवडले गेलेले असतात. भरपूर अन्न असलेल्या टाकीत वाढवून वाळवलेले जिवाणू तिथे सहसा टिकत नाहीत.

पण याहून मूलभूत अडचण वेगळी आहे आणि ती सभागृहात एका वाक्यात सांगता येईल. सेंद्रिय कार्बन जिवाणूंनी खाल्ला की कर्बवायू होऊन हवेत जातो, नायट्रोजन वायुरूपाने हवेत जाऊ शकतो. फॉस्फरसला मात्र हवेत जाण्याचा रस्ता जवळजवळ नाहीच. जिवाणूंनी तो खाल्ला तर तो जिवाणूंच्या अंगात तलावातच राहतो, आणि जिवाणू मेले की पुन्हा पाण्यात येतो. म्हणून प्रत्येक प्रस्तावाला एकच प्रश्न विचारावा : यातून वर्षाला किती किलो फॉस्फरस तलावाच्या बाहेर जाईल, किंवा आत येण्यापासून थांबेल? पावडरचे उत्तर शून्य आहे. कारंज्याचे उत्तरही शून्य आहे. तळापर्यंत हवा पोहोचवणारी यंत्रणा असेल तर लोहाला धरलेले फॉस्फेट काही काळ गाळातच राहू शकते, पण पृष्ठभागावर उडणाऱ्या कारंज्याची हवा तळापर्यंत पोहोचेल असे मानता येत नाही.

जिवाणू फॉस्फरस काढतात ते सांडपाणी प्रक्रिया केंद्रात. काही जातींना आधी प्राणवायूविना आणि मग प्राणवायूसह ठेवले की त्या गरजेपेक्षा पुष्कळ जास्त फॉस्फरस शरीरात साठवतात. तो गाळ रोज ठरावीक प्रमाणात बाहेर काढला की फॉस्फरस बाहेर जातो. इथेही इष्टतमीकरण आहेच. गाळाचे वय, म्हणजे गाळ टाकीत राहतो तो काळ, कमी ठेवले तर फॉस्फरस अधिक निघतो, पण अमोनिया संपवणारे जिवाणू सावकाश वाढत असल्याने ते धुऊन जातात. हेही एक वॉशआउटच. आपल्याकडे पाणी उबदार असल्याने ते जिवाणू थंड देशांतल्यापेक्षा लवकर वाढतात आणि कमी वयाच्या गाळावर दोन्ही कामे साधण्याची शक्यता वाढते. जिवाणूंकडून होणाऱ्या सांडपाणी प्रक्रियेची प्रतिमाने १९८७ आणि १९९५ मध्ये आंतरराष्ट्रीय कार्यगटांनी तयार केली आणि आज प्रक्रिया केंद्रांच्या आखणीत ती जगभर वापरली जातात. पावडरवर खर्च होणारा पैसा त्या केंद्राच्या दुरुस्तीकडे वळला तर जिवाणू आपले काम नक्की करतील.

प्रतिसाद : पाणथळ

जलपर्णीचे उत्तर शून्य नाही. तिच्यात ९५ टक्क्यांच्या आसपास पाणी असते आणि सुक्या वजनात फॉस्फरस अर्ध्या टक्क्यापर्यंत असू शकतो. ०.४ टक्के धरला तर १००० टन ओल्या जलपर्णीतून २०० किलो फॉस्फरस बाहेर निघतो, म्हणजे धाग्यातल्या तलावाला वर्षभरात मिळणाऱ्या ६०० किलोंचा तिसरा हिस्सा. हा आकडा मोठा आहे. पण तो निघतो केव्हा, तर काढलेली जलपर्णी तलावाच्या पाणलोटाबाहेर नेली तरच. मी स्वतः एका तलावाच्या बांधावर काढलेल्या जलपर्णीचे ढीग तीन आठवडे पडलेले पाहिले. खालून काळे पाणी झिरपत परत तलावात जात होते, आणि कंत्राटाच्या कागदावर मात्र काम पूर्ण झालेले होते.

दुसरी गोष्ट, सगळी जलपर्णी एकाच वेळी काढली की पाण्यात एकदम सूर्यप्रकाश शिरतो आणि तेच फॉस्फरस शेवाळाला मिळते. जलपर्णीची वाढ मर्यादित जागेतल्या वाढीच्या नेहमीच्या नियमाने होते असे मानले, तर तिची वाढ सर्वांत वेगाने होते ती तलाव निम्मा व्यापलेला असताना. ध्येय फॉस्फरस काढण्याचे असेल तर तरंगता अडसर लावून ठरावीक भागातच ती ठेवावी आणि दर काही दिवसांनी थोडी थोडी काढत राहावी. हे सौंदर्यीकरणाच्या कल्पनेत बसत नाही, याची मला कल्पना आहे, आणि डासांचा प्रश्नही आहेच. तरी कंत्राट डंपरच्या फेऱ्यांवर न देता पाणलोटाबाहेर पोहोचलेल्या टनांवर दिले, एवढा बदलही पुष्कळ आहे.

प्रतिसाद : उत्तरवारा

मी नेदरलँड्समध्ये राहतो. अवकलन यांनी सांगितलेले वेगवेगळे रस्ते इथे फेलुवेमीर या उथळ सरोवरात प्रत्यक्ष दिसून आले. १९६० च्या दशकाच्या शेवटी आणि १९७० च्या सुरुवातीला तिथली तळावरची पाणवनस्पतींची हिरवळ नाहीशी झाली आणि पाणी गढूळ झाले. १९७९ पासून सांडपाण्यातला फॉस्फरस काढायला सुरुवात झाली आणि हिवाळ्यात शेजारच्या पोल्डरमधले (बांध घालून कोरड्या केलेल्या सखल जमिनीतले) कमी फॉस्फरसचे पाणी सोडून सरोवर धुण्यात येऊ लागले. ही ब वाढवण्याचीच रीत झाली. तरी वनस्पती परत यायला १९९० चे दशक उजाडले. उथळ तलावांच्या या दोन अवस्थांचा सिद्धांत मार्टेन शेफर यांनी मांडला. स्वच्छ पाण्यात वनस्पती वाढतात आणि वनस्पती पाणी स्वच्छ ठेवतात. गढूळ पाण्यात वनस्पती मरतात आणि वनस्पती नसल्यामुळे वारा गाळ ढवळतो. दोन्ही अवस्था स्वतःला टिकवून धरतात. इथे ब्रीम नावाचा तळ उकरणारा मासा मोठ्या प्रमाणावर काढल्याचाही उपयोग झाला.

प्रतिसाद : काठावरची

मासा काढल्याचा उल्लेख आला म्हणून लिहिते. आमच्या घरात तीन पिढ्या तलावावर मासेमारी होते. पूर्वी जाळ्यात कटला, रोहू, मरळ मिळत असे. आता तिलापिया सोडून फारसे काही मिळत नाही. आपल्या गणितात मासा कुठे बसतो, हे मला समजून घ्यायचे आहे.

प्रतिसाद : पाणथळ

ताई, फार योग्य प्रश्न विचारलात. थंड देशांतल्या प्रतिमानात साखळी अशी असते : मोठा मासा लहान माशाला खातो, लहान मासा पाणपिसवांना खातो, पाणपिसवा शेवाळ खातात. म्हणून तिथे मोठे शिकारी मासे वाढवले की पाणी स्वच्छ होते. आपल्याकडे ही साखळी तेवढी घट्ट नाही. उष्ण पाण्यात लहान मासे वर्षभर वीण घालतात, मोठ्या आकाराच्या पाणपिसवा टिकत नाहीत, आणि तिलापियासारखे मासे शेवाळ, गाळ, किडे सगळेच खातात. शिवाय तिलापिया घरटे करण्यासाठी तळ उकरतो, त्यामुळे अवकलन यांचे तिसरे पद वाढते. म्हणून परदेशातले प्रतिमान जसेच्या तसे इथे आणता येणार नाही. मात्र एक गोष्ट हिशेबात नक्की धरता येते : माशाच्या ओल्या वजनाच्या सुमारे अर्धा टक्का फॉस्फरस असतो. आपल्या घरच्यांनी वर्षाला १० टन तिलापिया काढला तर ५० किलो फॉस्फरस तलावाबाहेर गेला. तलावाच्या स्वच्छतेच्या कोणत्याही नोंदीत हे काम आजवर धरले गेलेले मी पाहिलेले नाही. मरळ शिकारी आहे आणि तो टिकायला काठची वनस्पती लागते. काठ दगडी केला की त्याची वीण थांबते.

प्रतिसाद : अवकलन

किण्वक यांच्या मोजमापाबाबत एक सूचना. मोनो यांच्या समीकरणातला कमाल दर आणि अर्धसंपृक्ततेचा स्थिरांक हे दोन्ही एकाच प्रयोगातून वेगळे काढणे अवघड असते, कारण एक वाढवून दुसरा वाढवला तरी आलेख जवळपास तसाच बसतो. तलावात तर अज्ञात संख्या पुष्कळ आणि मोजमाप थोडे. त्यामुळे मोठे प्रतिमान घेऊन बारा स्थिरांक बसवत बसण्यापेक्षा आधी ब आणि गाळातून सुटणारा फॉस्फरस या दोनच गोष्टी पक्क्या कराव्यात. दोन्ही ऑक्टोबर ते मे या काळातल्या वस्तुमानाच्या ताळेबंदातून निघतात : सुरुवातीला तलावात किती होता, नाल्याने किती आला, शेवटी किती उरला. सांडवा बंद असल्यामुळे एक अज्ञात संख्या आपोआप कमी होते. आपल्या पावसाळ्याने दिलेली ही सोय युरोपातल्या अभ्यासकांना मिळत नाही.

प्रतिसाद : किण्वक

सर्वांचे मनःपूर्वक आभार. अवकलन यांची सूचना मान्य करून या वर्षीचा आराखडा बदलला आहे. सांडवा थांबेल त्या दिवसापासून दर पंधरा दिवसांनी नाल्याच्या तोंडाशी, मध्यभागी वर आणि मध्यभागी तळापासून अर्धा मीटर वर, अशा तीन जागी नमुने घेणार आहे. नाल्याचा प्रवाह मोजायला त्रिकोणी खाचेची लोखंडी पाटी बसवण्याची परवानगी मागितली आहे. पाण्याची पारदर्शकता मी स्टीलच्या ताटलीवर काळे-पांढरे चतकोर रंगवून, दोरीला दर १० सेंटिमीटरवर गाठ मारून मोजतो. ताटली पाण्यात सोडून पारदर्शकता मोजण्याची युक्ती इटलीच्या आंजेलो सेक्की यांनी १८६५ मध्ये वापरली होती. गेल्या मे महिन्यात ताटली तिसऱ्या गाठीपाशी दिसेनाशी झाली होती.

काठावरची ताई, आपल्या घरच्यांनी दर आठवड्याला कोणती मासळी किती किलो निघाली एवढे वहीत लिहून ठेवले तर तो रकाना मी ताळेबंदात 'बाहेर गेलेला फॉस्फरस' म्हणून धरीन. जलवाहिनी, आपल्याला सभागृहासाठी एका पानाचा तक्ता हवा असेल तर प्रत्येक उपायासमोर वर्षाला किती किलो आणि प्रत्येक किलोमागे किती रुपये, असे दोनच रकाने ठेवून मी तो करून देतो. आपल्याकडच्या निविदांमधले दर मात्र लागतील.

प्रतिसाद : जलवाहिनी

दर पाठवतो. जलपर्णीच्या निविदेत मोजमापाचे एकक बदलण्याचा मसुदाही सोबत जोडतो. 'पाणलोट क्षेत्राबाहेर' याची सीमा नकाशावर कशी आखावी, हे पाणथळ यांनी एकदा पाहून द्यावे.